पिवळीला हाक

अ‍ॅडलेड,
२ एप्रिल १९८४

ती. एल्मा आत्यास,
कोरलचा सा. न. वि. वि.

बातमी आधीच सांगते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून शेवट वाचशील. मला दिवस गेलेत. ऑक्टोबरच्या सुमारास होईल. इतकी वर्षं वाट बघून, या वयात! डेसचं तर डोकंच ठिकाणावर नाही. मला पाण्याची बादली उचलू देत नाही, आणि स्वतः पाळण्याचे पाय उलटे ठोकून बसलाय. गोदीत दिवसभर बोटी रिकाम्या करणारा माणूस, पण पाळणा काही जमत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मुलगी झाली तर मला तिला आईचं नाव ठेवायचंय.

हे लिहितानाही हात थांबला. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, ते मला ठाऊक आहे. ते परत वापरायचं तर जवळच्या माणसाने आधी मोकळं करावं लागतं, म्हणजे बाबांनी. आई टेकडीवरच्या त्या झुडपाखाली जन्मली, भर फुलांच्या दिवसांत, म्हणून तिला त्या झुडपाचंच नाव मिळालं. ती गेली आणि तिच्याबरोबर झुडपाचंही नाव बंद झालं. मी लहान होते. तेव्हापासून सगळे पिवळी म्हणायचे, मीही म्हणायचे. मला वाटायचं, सगळं जगच पिवळी म्हणतं. इथे आल्यावर कळलं की बाकीचे लोक ते नाव बेधडक घेतात. हिवाळा सरताना बाजारात फुलवाल्या बायका त्या फुलांच्या जुड्या आईचं नाव ओरडून विकतात. मी अजून दचकते. आमच्या मागे त्या नावाची एक गल्लीसुद्धा आहे. मी तिला चर्चमागची गल्ली म्हणते, आणि आता डेसलाही तीच सवय लागलीय.

म्हणजे ते नाव बाजारात आहे, गल्लीच्या पाटीवर आहे, फक्त आपल्या घरात नाही. आत्या, बाबांना तू विचार. दुकानातल्या फोनवर त्यांना काहीही विचारलं तरी ते नदीला पाणी किती आहे तेच ओरडून सांगतात.

सोबत चष्मा पाठवतेय. तो वापर, नुसता ठेवू नकोस. माया आहेच, तिला जरा पत्रानेही येऊ दे.

तुझी,
कोरल

*

रेडबँक वस्ती, डार्लिंग नदी,
१७ एप्रिल १९८४

चि. कोरलला आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. टपालाचा ट्रक चिखलात रुतला होता म्हणून उशिरा पोचलं. बातमी वाचली, बरं झालं. मी काही नाचत बसले नाही, कोंबड्यांना दाणे घालायचे होते. दुप्पट घातलेस, असं तुझा बाप क्लॅरी म्हणतो. तो काहीही म्हणतो. तू जड उचलू नकोस, डेसचं ऐक. पाळणा मात्र दुसऱ्या कोणाकडून करून घे. मुलगी झाली तर, मुलगी झाली तर, चाललंय तुझं. मुलगा झाला तर काय, परत पाठवणार?

तुझ्या बापाला विचारलं. नदीवर मासा साफ करत होता तेव्हाच गाठलं. तेव्हा त्याचे हात अडकलेले असतात, उठून जाता येत नाही. सरळ म्हटलं, तुझ्या पोरीला मूल होणार आहे, मुलगी झाली तर तिला आईचं नाव हवंय, सोडतोस का बोल. त्याने कल्ले काढले. आतडी कुत्र्याला टाकली. मासा पाण्यात विसळला, पुन्हा विसळला. मला वाटलं बहिरा झाला. मग म्हणाला, टेकडीवर नवीन पिवळी आपणहून उगवू दे, मग सोडतो.

आता ही नाही म्हणायचीच तऱ्हा झाली. तू इथून गेलीस तेव्हाची टेकडी राहिली नाही. पिवळ्या सगळ्या म्हाताऱ्या झाल्या. खोडं किड्यांनी पोखरली, फांद्या करड्या पडल्या. ते काही नदीवरच्या निलगिरीसारखं पिढ्या बघणारं झाड नाही. कमरेएवढं झुडूप, माणसाच्या आधी मरतं. बी पडतं ढीगभर. मुंग्या ते ओढून वाळूत खाली नेतात, आणि तिथे ते खड्यासारखं पडून राहतं. वरून वणवा गेला की त्याचं साल फुटतं, पाऊस झाला की कोंब येतो, आणि कोंब आला की ससा येतो. झालं. गोऱ्यांनी ससे शिकारीच्या मजेसाठी आणले म्हणतात. मजा त्यांची झाली, टेकडी आमची चालली. मुळं सुटली की वाळू चालायला लागते. तुझी आई टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथल्या दगडांपर्यंत वाळू आलीय. क्लॅरी फावड्याने मागे लोटतो, ती परत येते.

तेव्हा दुसरं नाव बघ. सुझन आहे, मर्लिन आहे. नावाने काय पोट भरतं?

चष्मा मिळाला. मला सगळं दिसतं. उगीच थेर नकोत. दूध पीत जा.

तुझी आत्या,
एल्मा

*

अ‍ॅडलेड,
९ मे १९८४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुझन नको. डेसच्या आईने राण्यांच्या नावांची यादी धाडलीय. ती भिंतीवर लावून ठेवली, तिचा मान म्हणून. पण वाचवत नाही.

तुझ्यावर राग नाही. बाबांवरही नाही, कारण ते नाही म्हणालेच नाहीत. पण आत्या, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी एकुलती एक. मला दुसरं मूल होईल असं डॉक्टरला वाटत नाही. बाबांची कंबर गेलीय, वय झालंय. आता या बाळाला दुसरं नाव ठेवलं की आईचं नाव मागायला पुढे कोणी उरणार नाही, आणि द्यायलाही कोणी उरणार नाही. ते तिथेच संपेल. ती काही फार मोठं मागे ठेवून गेली नाही. एक मी आणि एक ते नाव.

परवा मी काम करते त्या मुलांच्या वसतिगृहात पोळलेल्या टोस्टचा वास आला आणि मला आईची भाकरी आठवली, भाजलेलं पिवळीचं बी वाटून निखाऱ्यात केलेली. खोडावरचा डिंक मी चोरून खायचे, तेव्हा ती मागून दगड मारायची. मला लागायचं नाही, बाजूच्या फांदीला लागायचं. तिचा नेम चांगला होता म्हणून, असं तूच सांगितलं होतंस.

बाबांना पुन्हा पुन्हा विचारून त्रास देऊ नकोस. मला नुसतं हे कोणाला तरी सांगायचं होतं.

माया ठेवतेस तशीच ठेव. वाढवलीस तरी मी नको म्हणणार नाही.

तुझी,
कोरल

*

रेडबँक वस्ती,
२८ मे १९८४

चि. कोरलला आशीर्वाद.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

तुझं रडगाणं वाचलं. रडून काही उगवत नाही, म्हणून मी उगवायला गेले. क्लॅरीला कंबर दाखवायला ट्रकवाल्याने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे ठेवून घेतला. तेवढी संधी. फळीवरच्या डब्यातलं पिवळीचं बी मूठभर पेल्यात घेतलं, पाण्याची किटली घेतली आणि गेले टेकडीवर. चढताना पाय वाळूत रुतून एक पाऊल पुढे तर अर्धं मागे. वर जाऊन काटक्या पेटवल्या, पाणी खळखळ उकळलं, बियांवर ओतलं. गार होऊ दिलं आणि बोटाने भोकं पाडून पुरलं. त्या बीचं कातडं असं असतं की वणव्याशिवाय नाहीतर आधणाशिवाय डोळा उघडत नाही. हे माझ्या आईने शिकवलंय. शाळेत नाही. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत नुसती स्तोत्रं पाठ केली.

सशांसाठी जाळी हवी होती. ती खुराड्याची काढून नेली आणि वर ठोकली. त्यामुळे कोंबड्या सध्या घरात आहेत. हाकलल्या की जातात, पुन्हा येतात.

तू म्हणशील, तो आपणहून म्हणाला होता. मग? बी टेकडीचंच, पाणी नदीचं. मी फक्त गरम करून दिलं. वणवा लागला असता तर त्याने काय क्लॅरीला विचारलं असतं?

आता पाऊस पडू दे. तोवर त्या राण्यांच्या यादीला हात लावू नकोस. आणि गप्प राहा. तुझ्या पोटात काही राहत नाही, सध्या बाळ सोडून.

तुझी आत्या,
एल्मा

*

रेडबँक वस्ती,
२० जुलै १९८४

चि. कोरलला आशीर्वाद, बाळालाही, जे काय असेल त्याला.

उगवली!

जूनमध्ये पाऊस झाला. आज वर गेले. जाळीत काहीच नाही, नुसती वाळू, मेलं नशीब. शिव्या देत मागे वळले तर थोडं वरच्या अंगाला, एका जुन्या खोडाच्या आडोशाला, कोंब! बोटाएवढा. खाली पिसासारखी बारीक पानं, पिवळीच्या पिल्लाला पहिल्यांदा येतात तसली, आणि वर एक लांब पान फुटायला लागलेलं. दुसरं काही असणं शक्य नाही. मुंग्यांनी माझं बी उचलून तिथे नेलं असणार. मुंगीला कुठली जाळी अडवते? वरून एक काटेरी फांदी पडलीय, म्हणून सशाचं तोंड पोचलं नाही. नशीब काढलं पोरीने.

खाली आले तर क्लॅरी बाकावर बसून काठी तासत होता. म्हटलं, पाऊस बरा झालाय, जरा टेकडीवर जाऊन बघून ये. तर म्हणाला, कंबर दुखते. बरं म्हटलं, राहू दे. घाई करायची नाही. आणखी हातभर वाढू दे, मग धरून नेते आणि उभा करते समोर.

कोंबड्यांनी अंडी घालायची जागा बदललीय. क्लॅरीची टोपी.

लोभ काय तो आता पोरीवर कर. मी आहे तशी आहे.

एल्मा आत्या

*

अ‍ॅडलेड,
१४ ऑगस्ट १९८४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि डेसला वाटलं वेळ झाली. त्याने टॅक्सीसुद्धा बोलावली. टॅक्सीवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

चार दिवस नुसती आनंदात होते. बाजारात फुलं आलीत. बायका ओरडत होत्या, आणि पहिल्यांदाच मी दचकले नाही. उभी राहून ऐकलं. इथली पिवळी मोठी, झाडच असतं, बागेतलं, गुबगुबीत. आपली बारकी, करड्या पानांची, वाळू धरून बसणारी. तरी वास तोच. सोन्याची पूड हाताला लागली ती मी संध्याकाळपर्यंत धुतली नाही.

आणि मग झोपताना मनात आलं, आत्या, हे बरोबर नाही. बाबांनी जो शब्द दिला तो आपण त्यांना न सांगता किटलीने भरून काढतोय. ते वर येतील, कोंब बघतील, त्यांना वाटेल टेकडीने होकार दिला, आणि ते आईला सोडतील. तो होकार टेकडीचा नसून तुझा. फसवून सोडवलेलं नाव मी पोरीला कशी देऊ? रोज हाक मारताना ते मला टोचेल. मग सुझन परवडली.

त्यांना खरं सांग. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. तू सांगितलं नाहीस तर मी दुकानात फोन करून सांगेन, नदीच्या पाण्याची पातळी ऐकून झाल्यावर.

रागावलीस तरी माझीच राहा.

कोरल

*

रेडबँक वस्ती,
४ सप्टेंबर १९८४

चि. कोरलला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून टाळकं सडकलं. मी टेकडी चढायची, मी चटके खायचे, आणि बाईसाहेब अ‍ॅडलेडमध्ये बसून खरं सांग म्हणतात. राग आला की मला काहीतरी रगडायला लागतं, म्हणून भाकरीसाठी तोच फळीवरचा डबा काढला. दगडावर बी घेतलं, एकदा रगडलं, आणि वास आला.

भाजलेलं! अख्खा डबा भाजलेला. उन्हाळ्यात मीच भाजून ठेवलं होतं, कच्चं गोणपाटात आहे, खाटेखाली. म्हणजे मी भाजलेल्या बीवर आधण ओतून पुरून आले. उकडलेल्या अंड्यावर कोंबडी बसवली. चष्मा लावला असता तर रंगावरून कळलं असतं. बोलू नकोस काही.

मग जे उगवलं ते कोणाचं? चष्मा लावला आणि तशीच वर गेले.

कोंबापाशी गुडघे टेकून बसले. ती वरची काटेरी फांदी पडलेली नव्हती, बांधलेली होती. तारेच्या पिळाने, टोक आत वळवून. तसला पीळ या नदीवर एकच माणूस घालतो. जन्मभर गोऱ्यांची कुंपणं बांधलीत त्याने. आणि कोंबाभोवती वाळूत चहाची पत्ती. जुनी, वाळलेली, पण चहाचीच. तो चहाचा काळा डबा घेऊन वर येत होता, वर बसून उकळत होता, आधण बीवर ओतत होता आणि उरलेल्याचा चहा करून पीत होता. त्या कमरेने. मला म्हणायचा नदीवर जातो.

अजून ऐक. उठून उभी राहिले तर चष्म्यातून पुढची टेकडी दिसली. तिथे तशीच एक बांधलेली काटेरी फांदी. तिच्यापुढे आणखी एक. काही करड्या पडून मोडलेल्या, काही वाळूत निम्म्या बुडालेल्या, टेकडीच्या धारेने थेट शेवटपर्यंत. प्रत्येकीखाली वाळलेली काडी, नाहीतर काहीच नाही. किती होती ते मोजलं नाही. मोजवलं नाही.

खाली आले. तो तुझ्या आईच्या दगडांवरची वाळू लोटत होता. मी फावडं काढून घेतलं आणि खाली बसले. म्हटलं, वर तुझी चहापत्ती सांडलीय. तो म्हणाला, वर तुझी जाळी आहे, ती आण, कोंबड्या माझ्या खाटेवर झोपतात. मी म्हटलं, तुला कधी कळलं. तर म्हणाला, दवाखान्यातून आलो तर खुराड्याला जाळी नाही, किटलीला बाहेरून काजळी, आणि टेकडीवर भाजलेल्या बीचा वास. म्हटलं, बाई एवढं मन लावून भाजकं बी पेरतेय, कशाला मोडता घाला.

मग मी त्याला धरला. तू आपणहून म्हणाला होतास की नाही? तो म्हणाला, मी नवीन उगवू दे म्हणालो. आपणहून कधी म्हणालो? असेल बाई. मी लिहिताना वाक्य जरा भरून लिहिते. त्या एका शब्दाने तुला इतके महिने जाळलं असेल तर ते माझं.

मी विचारलं, मग हे कोरलने मागितल्यापासून चाललंय का? तो म्हणाला, नाही, फार आधीपासून. कोणी मागेल असं वाटलंच नव्हतं. मग कशासाठी? तेव्हा तो बराच वेळ दगड नीट लावत बसला. म्हणाला, एल्मे, मला ते नाव घ्यायचंय. रोज तोंडाशी येतं. पण तिथे दुसरं कोणी नसताना घेतलं तर हाक थेट तिलाच जाईल. ती उठून बसेल, मी काय म्हणतो ते बघायला. तिला झोपू द्यायला हवं. टेकडीवर एक जरी नवीन असली तरी हाकेला जायला जागा होते. म्हणून लावतो. ससे खातात. परत लावतो.

मी फावडं त्याला परत दिलं. हे लक्षात ठेव, मी हातात घेतलेलं परत देते असं फार वेळा होत नाही.

फसवणूक वगैरे काही राहिली नाही बघ. आता तोच म्हणतोय, कोंब धरला, मुलगी झाली की नाव तिचं. मी खुराड्याची जाळी त्या कोंबाला लावायला निघाले, तर म्हणाला माझी फांदी पुरे आहे. हट्टी आहे. तुझ्यावर गेलाय.

तुझी आत्या,
एल्मा

*

रेडबँक वस्ती,
१२ ऑक्टोबर १९८४

चि. वॉटल हिला,
आजोबांचे आणि त्यांच्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुला आहे. तुझ्या आईने वाचून दाखवावं. तुझं नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं, आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून बघितलं. चुकलं असेल तर त्या गल्लीच्या पाटीवर बघून तिने दुरुस्त करावं. तुझा आजोबा शेजारी बसून सांगतोय आणि मी लिहितेय. तो दर वाक्याला थांबतो, म्हणून मधलं माझं मी घालते.

तार काल आली. मुलगी, दोघी ठीक, बाबांना सांग, एवढीच. त्याच सकाळी मी टेकडीवर गेले होते. सोसाट्याचा वारा सुटला होता त्याच्या आदल्या दिवशी. फांदी उडून बाजूला पडली होती, आणि कोंब नव्हता. बुडाशी तिरपा कापलेला, चाकूने कापल्यासारखा. सशाचे दात तसेच कापतात. मी खाली आले आणि ठरवलं, काही सांगायचं नाही. चुलीत लाकडं घालत बसले. तेवढ्यात ट्रकवाला तार घेऊन आला.

तार वाचून दाखवली. क्लॅरी म्हणाला, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. मग म्हणाला, मी पहाटेच वर जाऊन आलो, एल्मा. गेली ती.

मी तार खाली ठेवली. म्हटलं, मेलं सगळं मुसळ केरात. आता हा पुढच्या पावसापर्यंत थांबा म्हणणार, आणि तिकडे पोरीचं नाव सुझन होणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, अजून एकदा वाच. मी चिडून म्हटलं, त्यात वाचायला आहे काय, मुलगी, दोघी ठीक. तो म्हणाला, तेच तर. नवीन आली ना? टेकडीवर आली असती तर बरं होतं. अ‍ॅडलेडला आली. हाकेला जागा हवी होती, ती झाली.

मग टोपीतलं अंडं काढून माझ्या हातात दिलं, टोपी घातली आणि म्हणाला, आधी तिला सांगून येतो. टेकडीच्या पायथ्याशी गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचं नव्हतंही. बराच वेळ लागला. मग उभा राहिला, पश्चिमेला तोंड केलं, जिकडे तू आहेस तिकडे, आणि तुझं नाव घेऊन अशी हाक मारली की मला चुलीपाशी आली. कुत्रा भुंकायला लागला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने हा शब्द ऐकला नव्हता.

टेकडीकडे तो बघत उभा राहिला. काही झालं नाही. वाळू होती तिथे होती. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, झोपलीय.

खाटेखालचं गोणपाट मी काढलंय. आजोबा म्हणतो, पुढच्या पावसाला पुन्हा लावू, आणि या वेळी जाळी लावायला त्याची हरकत नाही. कोंबड्या गेल्या उडत. ससे खातील, आपण लावू. वाळू पायथ्याशी येऊन बसलीय, तिला धरायला कोणीतरी लागणारच. तुला चालता आलं की इथे यायचं. पायात काही घालून ये, काटे आहेत. डिंक खायचा असेल तर माझ्या देखत खा, नेम माझाही बरा आहे. डेसला सांग, पाळणा सरळ झाला का ते लिही. आणि तुझ्या आईला सांग, चष्मा लावला आहे, आता त्यावर पत्र नको.

एक त्रास मात्र झालाय. तुझा आजोबा कालपासून थांबतच नाही. चहा ओतताना वॉटल, कुंपण बघताना वॉटल, त्या म्हाताऱ्या झुडपांना बोट दाखवून वॉटल, वॉटल. इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडतंय. मी शेवटी म्हटलं, पुरे कर, पोरीच्या नावाची झीज होईल. तो म्हणाला, होऊ दे. वापरायलाच दिलंय.

तुझी,
एल्मा आजी

(खालची रेघ तुझ्या आजोबाची. त्याला लिहिता येत नाही, पण म्हणाला, माझ्या हाताचंही काहीतरी जाऊ दे.)

————